पीयूसीच्या नळीमागचा माणूस: आरी हागेन-स्मिट

तुमच्या गाडीचा नंबर एमएच ३६ ने सुरू होत असेल, म्हणजे गाडी भंडारा जिल्ह्यातली असेल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं आहे. पेट्रोल पंपाच्या कडेला एक व्हॅन किंवा छोटी टपरी, आत कॉम्प्युटर आणि एक डबा. मुलगा येतो, तुमच्या बाइकच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि थोड्या वेळात कागद हातात देतो. झाली पीयूसी. आपण पैसे देतो, कागद डिकीत टाकतो आणि विसरून जातो. पुन्हा आठवण येते ती नाक्यावर पोलिसांनी हात दाखवला की.

आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात पीयूसी म्हणजे दंड टाळायचा कागद. पण त्या नळीला नेमकं काय शोधायला पाठवलंय? कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो हे शाळेत शिकलोय. मग हायड्रोकार्बन का मोजतात? सायलेन्सरमधून सुटलेल्या थोड्याशा न जळलेल्या पेट्रोलने कुणाचं काय बिघडतं?

या प्रश्नाचं उत्तर एका माणसाने शोधलं. तो ना मोटार इंजिनिअर होता, ना डॉक्टर. तो अननसाच्या वासावर काम करत होता. त्याचं नाव आरी यान हागेन-स्मिट. आज त्याचीच गोष्ट, आणि शेवटी तुमच्या बाइकसाठी कुठली तपासणी कधी करायची याचा हिशोब.

टांकसाळीतल्या रसायनतज्ज्ञाचा मुलगा

हागेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात झाला. वडील तिथल्या सरकारी टांकसाळीत रसायनतज्ज्ञ होते. नाण्यात धातू किती खरा आणि भेसळ किती, हे तपासणारं ते घर. मुलगाही रसायनशास्त्राकडेच वळला. उट्रेख्त विद्यापीठातच शिकला आणि १९२९ साली त्याने डॉक्टरेट मिळवली. विषय होता वनस्पतींच्या सुगंधी तेलांमधली रसायनं.

पुढची काही वर्षं त्यांनी त्याच विद्यापीठात वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकांवर काम केलं. रोप प्रकाशाच्या दिशेने का वाकतं, कलमाला मुळं कशी फुटतात, अशा प्रश्नांमागे कुठलं रसायन आहे हे शोधायचं होतं. १९३४ साली या गटाने मानवी मूत्रातून इंडोल अ‍ॅसिटिक आम्ल वेगळं काढलं. आज ते वनस्पतींचं मुख्य वाढ-संप्रेरक मानलं जातं. रोपवाटिकेत कलमाला मुळं फुटावीत म्हणून जी पावडर लावतात, ती याच कुटुंबातली. याच गटाने जाहीर केलेली आणखी दोन संप्रेरकं मात्र पुढे अस्तित्वातच नसल्याचं उघड झालं. विज्ञानात असंही होतं.

या कामाची सगळ्यात मोठी शिकवण होती चिकाटी. शेकडो लिटर द्रवातून चिमूटभर पदार्थ वेगळा काढायचा आणि तो नेमका काय आहे हे ओळखायचं. हीच कला त्यांना पुढे जगभर ओळख देणार होती, पण ते तेव्हा त्यांना माहीत नव्हतं.

अननसाचा वास

१९३६ साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या कॅलटेक या संस्थेत. पासाडेना हे लॉस एंजेलिसला लागूनच असलेलं गाव. बाकीचं सगळं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं. १९४० साली ते प्राध्यापक झाले. झाडाला जखम झाली की ती भरून काढायला कुठलं रसायन कामी येतं, पाइनच्या झाडांच्या डिंकात काय असतं, असे त्यांचे विषय होते.

१९४० च्या दशकात त्यांनी अननस हाती घेतला. अननसाला अननसाचा वास का येतो? वास म्हणजे शेवटी हवेत उडणारी रसायनं. पण ती इतकी कमी असतात की नाकाला कळतात आणि वजनकाट्याला कळत नाहीत. त्यावर उपाय असा: वासाची हवा अतिथंड नळीतून जाऊ द्यायची. थंडीने त्या हवेतली रसायनं गोठून नळीत अडकतात, हवा पुढे निघून जाते. थंड पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात ना, त्याचाच हा पुढचा प्रकार. शेवटी नळीत काही थेंब उरतात आणि त्या थेंबांत अननसाचा अख्खा वास असतो.

एवढं सगळं छान चाललं होतं. अडचण एकच. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरच्या हवेलाच आता वास येऊ लागला होता.

डोळे झोंबवणारं शहर

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. त्या दिवशी लॉस एंजेलिसवर असा दाट धुरकट पडदा उतरला की लोकांचे डोळे झोंबायला लागले, घसे खवखवले, समोरच्या इमारती दिसेनात. जपानने विषारी वायूचा हल्ला केला की काय, अशी भीती पसरली. हल्ला वगैरे काही नव्हता. मग संशय गेला शहरातल्या एका कृत्रिम रबराचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यावर. तो बंद करून पाहिला, तरी धुरकं काही जाईना.

ही कसली बला आहे हे कुणालाच नीट कळत नव्हतं. तोवर धुरकं म्हटलं की लोकांना लंडन आठवायचं. तिथे थंडीत कोळसा जळायचा, गंधकाचा धूर धुक्यात मिसळायचा. पण लॉस एंजेलिसमध्ये कोळसा फारसा जळतच नव्हता. इथे धुरकं यायचं ते कडक उन्हाच्या दिवशी, तेही दुपारी. रात्री ते विरून जायचं. धूर असता तर ऊन पडल्यावर कमी व्हायला हवा होता, इथे तो उन्हानेच वाढत होता.

१९४७ साली तिथे हवा प्रदूषण नियंत्रणासाठी जिल्हा पातळीवरची यंत्रणा उभी राहिली. सुरुवातीला तिचाही रोख गंधकाच्या धुरावरच होता. कारखान्यांच्या चिमण्यांवर निर्बंध आले. लोकांचे डोळे मात्र झोंबतच राहिले.

पालकाच्या पानांवरची चांदी

सगळ्यात आधी नेमकी खूण सापडली ती शेतात. लॉस एंजेलिसच्या आसपास भाजीपाला पिकवणारे शेतकरी तक्रार करत होते की पालक, बीट, एंडाइव्ह या पालेभाज्यांची पानं खराब होतायत. पानाच्या खालच्या बाजूला चांदीसारखी किंवा काशासारखी झाक यायची आणि माल बाजारात जायच्या लायकीचा राहायचा नाही. ही कीड नव्हती, बुरशी नव्हती, पाण्याचा प्रश्नही नव्हता. गंधकाच्या धुराने पानांवर पडणारे डागही असे नसतात. म्हणजे गुन्हेगार कुणीतरी वेगळाच होता.

१९४८ च्या सुमारास हागेन-स्मिट यांना या कामात ओढलं गेलं. हवेतला वास पकडायची विद्या त्यांच्या हातात होतीच. त्यांनी अननसाच्या जागी पासाडेनाची हवा घेतली. हजारो घनफूट धुरकट हवा त्या थंड नळ्यांतून ओढली. शेवटी हाती आले तपकिरी, घाण वासाचे काही थेंब. त्यांत काय होतं? अल्डिहाइड, सेंद्रिय आम्लं आणि पेरॉक्साइड. साध्या भाषेत सांगायचं तर हे पेट्रोलसारख्या इंधनांचे तुकडे होते, पण अर्धवट ऑक्सिडाइझ झालेले. कुणीतरी हवेत पेट्रोलची वाफ सोडत होतं आणि दुसरंच काहीतरी तिला हवेतल्या हवेत भाजत होतं.

ते भाजणारं होतं ओझोन. एरवी ओझोन म्हटलं की आपल्याला आकाशातला थर आठवतो, अतिनील किरणांपासून वाचवणारा. वर असतो तोवर तो चांगलाच. पण तोच वायू जमिनीलगत, आपल्या नाकाशी आला की फुप्फुसांना जाळतो आणि पानंही खातो.

ओझोन मोजायला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेली युक्ती तर भारीच आहे. रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची. ओझोन ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. चिरा किती वेळात आणि किती खोल पडल्या, त्यावरून ओझोन किती ते कळतं. तुमची बाइक वर्षभर अंगणात उन्हात उभी असेल तर टायरच्या बाजूला बारीक भेगा दिसतील. त्यात उन्हाइतकाच ओझोनचाही हात असतो. म्हणूनच टायर बनवताना रबरात ओझोनला अडवणारी रसायनं घालतात.

उन्हातली भट्टी

आता मुख्य प्रश्न. जमिनीलगत एवढा ओझोन येतो कुठून? तो कुठल्याच चिमणीतून किंवा सायलेन्सरमधून बाहेर पडत नाही. हागेन-स्मिट यांचं उत्तर असं होतं: तो हवेतच तयार होतो, आणि त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात.

पहिली, नायट्रोजनचे ऑक्साइड. इंजिनमध्ये तापमान प्रचंड वाढलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना चिकटतात. त्यातून हे वायू बनतात.

दुसरी, हायड्रोकार्बन. म्हणजे न जळता बाहेर पडलेलं इंधन, किंवा टाकी आणि पाइपांतून उडून गेलेली वाफ.

तिसरी, ऊन.

उन्हाच्या माऱ्याने नायट्रोजन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन अणू सुटतो. तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की झाला ओझोन. एवढंच असतं तर उरलेल्या नायट्रिक ऑक्साइडने तो ओझोन परत खाऊन टाकला असता आणि हिशोब बरोबरीत सुटला असता. पण मध्ये हायड्रोकार्बन येतात. ते नायट्रिक ऑक्साइडला दुसऱ्याच वाटेने पुन्हा डायऑक्साइड बनवतात, म्हणजे ओझोन खायला कुणी उरत नाही. तो साचत जातो. सकाळच्या ट्रॅफिकचा धूर, दुपारचं ऊन आणि संध्याकाळपर्यंत डोळ्यांत पाणी. लॉस एंजेलिसला तर तिन्ही बाजूंनी डोंगर आणि वर गरम हवेचं झाकण. अशी बंद कढईच.

त्यांनी हे कागदावरच सोडलं नाही. पेट्रोलची वाफ आणि हे वायू बंद भांड्यात घालून त्यावर प्रकाश टाकला. आत ओझोन तयार झाला, रबराला चिरा पडल्या आणि आत ठेवलेल्या रोपांच्या पानांवर तीच चांदीसारखी झाक आली. शेतातला रोग त्यांनी प्रयोगशाळेत जसाच्या तसा बनवून दाखवला. १९५० पासूनच ते हे जाहीरपणे मांडू लागले आणि १९५२ साली त्यांचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गुन्हेगार दोन होते: तेल शुद्धीकरणाचे कारखाने आणि लोकांच्या स्वतःच्या मोटारी.

मग सुरू झाला वाद

इथपर्यंत हे वनस्पतींवर काम करणारे एक शांत प्राध्यापक होते. इथून पुढे ते वादाच्या मध्यभागी आले.

तेल कंपन्यांच्या संघटनेने स्वतःच्या पैशाने एका मोठ्या संशोधन संस्थेकडून धुरक्याचा अभ्यास चालवला होता. त्या संस्थेतल्या लोकांचं म्हणणं होतं की हागेन-स्मिट यांचा सिद्धांत सिद्ध झालेला नाही. एकदा तर त्यांच्याच कॅलटेकमध्ये येऊन एका वक्त्याने भर सभेत त्यांचं काम चुकीचं ठरवलं. हागेन-स्मिट भयंकर चिडले. वासांची आणि सुगंधी तेलांची कामं बाजूला ठेवून त्यांनी पूर्ण वेळ धुरक्याच्याच मागे लागायचं ठरवलं. त्या अर्थाने, विरोधकांनीच त्यांना या विषयात कायमचं आणलं.

मोटार कंपन्यांचंही तेच. लॉस एंजेलिसच्या लोकप्रतिनिधींनी १९५३ पासून त्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली की तुमच्या गाड्यांच्या धुराचं काहीतरी करा. मोठ्या कंपनीकडून आलेलं उत्तर असं होतं की धूर हवेत विरून जातो, त्याने प्रदूषणाचा प्रश्न होत नाही.

आणि सामान्य लोक? त्यांनाही हे पटवून घेणं जडच होतं. दोष कारखान्याचा असेल तर बोट दाखवून मोकळं होता येतं. दोष आपल्याच दारात उभ्या असलेल्या गाडीचा असेल तर काय करायचं? एका गाडीतून किती धूर निघतो? जवळजवळ काहीच नाही. पण गाड्या लाखो होत्या. हा हिशोब माणसाच्या मनाला सहज पटत नाही, तेव्हाही आणि आत्ताही.

हळूहळू दुसऱ्या शास्त्रज्ञांचे निकालही त्यांच्याच बाजूने येत गेले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींचा धूर हेच मुख्य कारण, यावर फारसा वाद उरला नाही. तोपर्यंत तेलाच्या टाक्यांमधून उडणारी वाफ अडवली गेली आणि १९५७ साली घराघरांच्या मागच्या अंगणात कचरा जाळायच्या भट्ट्यांवर बंदी आली. आता राहिल्या गाड्या.

प्रयोगशाळेतून सरकारी टेबलावर

१९६० साली कॅलिफोर्नियाने मोटारींच्या प्रदूषणासाठी खास मंडळ नेमलं. हागेन-स्मिट त्याचे सदस्य झाले. १९६६ च्या मॉडेलच्या नव्या गाड्यांपासून तिथे धुराच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनला मर्यादा लागू झाली. गाडी नुसती चालली पाहिजे असं नाही, तिचा धूरही मोजून पास झाला पाहिजे, हा विचार इथे कायद्यात आला. तुमच्या पीयूसीच्या कागदावर आज हीच दोन नावं छापलेली असतात: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन.

१९६८ साली राज्याचं नवं हवा संसाधन मंडळ स्थापन झालं. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी हागेन-स्मिट यांना त्याचे पहिले अध्यक्ष नेमलं. सत्तरीकडे झुकलेले हे प्राध्यापक आता मोटार कंपन्यांच्या वकिलांसमोर बसून मर्यादा ठरवत होते. नायट्रोजन ऑक्साइडवरही मर्यादा हवी, जुन्या गाड्यांनाही सोडून चालणार नाही, अशी कामं त्यांच्या काळात पुढे सरकली.

सरकारी पद आणि शास्त्रज्ञ यांचं जमतंच असं नाही. धोरणावरून मतभेद वाढले आणि १९७३ च्या अखेरीस रेगन यांनी त्यांना पदावरून दूर केलं. गंमत बघा, त्याच सालचं अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळालं. पुढच्या वर्षी, १९७४ मध्ये, पर्यावरणासाठीचा टायलर पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला तेव्हा त्याच्या मानकऱ्यांतही ते होते.

१७ मार्च १९७७ रोजी पासाडेनात त्यांचं निधन झालं. हवेसाठी भांडलेल्या या माणसाला फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. गाड्यांचा धूर तपासणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं.

पासाडेनापासून भंडाऱ्यापर्यंत

भारतात मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. या नियमांतला ११५ क्रमांकाचा नियम म्हणजे तुमच्या पीयूसीचा जन्मदाखला. नव्या गाड्यांसाठीचे निकष १९९० च्या दशकात आले. पुढे मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने इंधन आणि धुराच्या निकषांचा टप्प्याटप्प्याचा आराखडा दिला. आपण ज्यांना बीएस ३, बीएस ४ म्हणतो ते टप्पे असे आले. १ एप्रिल २०२० पासून देश एकदम बीएस ६ वर गेला, मधला पाचवा टप्पा गाळून. नव्या मॉडेलची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये होते. पण ती कंपनीने दिलेल्या नमुन्याची. तुमच्या हातातली गाडी पाच वर्षांनी कशी आहे, हे बघायला उरते ती पंपावरची नळी.

एक उलटी गोष्टही सांगायला हवी. खुद्द कॅलिफोर्नियात गाड्यांची ठरावीक मुदतीने धूर तपासणी होते, पण मोटारसायकलींना त्यातून सूट आहे. तिथे बाइक म्हणजे मुख्यतः हौस, आणि संख्याही कमी. आपल्याकडे नोंदणी झालेल्या दर चार वाहनांपैकी साधारण तीन दुचाकी असतात. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूरला बाइक ही हौस नाही. तीच शाळेची गाडी, तीच बाजाराची, तीच दवाखान्याची. म्हणून आपल्याकडे बाइकला सूट देऊन चालत नाही.

त्या डब्यात काय होतं?

नळीतून ओढलेला धूर एका छोट्या कक्षातून जातो. त्यातून इन्फ्रारेड प्रकाश सोडतात. प्रत्येक वायू या प्रकाशाचा आपला ठरावीक भाग गिळतो. किती गिळला यावरून तो वायू किती ते यंत्र सांगतं. कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत येतो, हायड्रोकार्बन पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग.

३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या पिढीच्या फोर-स्ट्रोक बाइकसाठी मर्यादा आहे ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ४,५०० पीपीएम हायड्रोकार्बन. त्याआधीच्या दुचाकींसाठी ४.५ टक्के आणि ९,००० पीपीएम. बीएस ६ गाड्यांची मर्यादा यापेक्षा बरीच कडक आहे.

चाचणी खरी व्हायची असेल तर दोन गोष्टी बघा. इंजिन गरम असलं पाहिजे आणि नळी सायलेन्सरमध्ये किमान ३०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक फूट आत गेली पाहिजे. नळी तोंडाशीच धरली तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटा छान येतो. आणि नळी न घालताच कागद मिळत असेल, तर तुम्ही तपासणीचे नाही, छपाईचे पैसे दिलेत.

या चाचणीची मर्यादाही ओळखून असा. गाडी जागेवर उभी ठेवून केलेल्या या तपासणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजले जात नाहीत. ते इंजिनवर ताण आल्यावर जास्त बनतात. म्हणजे हागेन-स्मिट यांच्या भट्टीतला अर्धाच माल इथे पकडला जातो. तरी हायड्रोकार्बनचा आकडा वाढलेला असेल तर तो तुमच्या इंजिनची तब्येत सांगतो: एअर फिल्टर चोंदलाय, प्लग गेलाय, मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. न जळलेलं पेट्रोल म्हणजे तुमच्याच खिशातून उडालेले पैसे.

तुमच्या बाइकचा हिशोब

- नवी गाडी: पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही.
- बीएस ४ आणि बीएस ६ गाडी: त्यानंतर पीयूसी एका वर्षासाठी वैध.
- त्याआधीच्या गाड्या: दर सहा महिन्यांनी.
- इलेक्ट्रिक दुचाकी: पीयूसी लागत नाही.
- पीयूसी नसेल तर: कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कागद ऑनलाइन नोंदलेला असतो, तो एम-परिवहन किंवा डिजिलॉकरवरही दाखवता येतो.
- गाडी १५ वर्षांची झाली की: नोंदणीची मुदत संपते. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करून गाडी आरटीओत तपासणीसाठी न्यावी लागते. पास झाली की पाच वर्षांचं नूतनीकरण. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो.

दरवर्षीचं फिटनेस सर्टिफिकेट खासगी बाइकला लागत नाही. त्यामुळे पहिली १५ वर्षं ब्रेक, टायर, लाइट सरकारकडून कुणी तपासत नाही. ते तुम्हालाच बघायचंय.

आणि धानाचं काय?

शेवटचा मुद्दा, भंडाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. गावाकडे मोकळी हवा आहे, प्रदूषण मुंबई-पुण्याचं, असं आपण म्हणतो. ओझोन तसं वागत नाही. भर शहरात ताजा धूर ओझोनला खात राहतो. तीच हवा वाऱ्याबरोबर शहराबाहेर पडली की वाटेत उन्हात शिजते आणि ओझोन बऱ्याचदा शहरापेक्षा आजूबाजूच्या शेतशिवारात जास्त भरतो. भंडाऱ्यापासून नागपूर जेमतेम ६० किलोमीटरवर आहे.

पुण्याच्या आयआयटीएम, म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाने २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचं सुमारे ३५ लाख टन गव्हाचं आणि २१ लाख टन तांदळाचं नुकसान झालं. हा देशाचा आकडा आहे, जिल्ह्याचा नाही. पण पावसाळ्यात ढगांमुळे ओझोन कमी असतो आणि कडक उन्हाच्या महिन्यांत वाढतो. वैनगंगेच्या खोऱ्यात उन्हाळी धान उभं असतं ते नेमक्या याच दिवसांत. ओझोनची खूणही फसवी असते. पान लगेच करपत नाही, लोंबी नुसती हलकी भरते. शेतकरी बियाण्याला दोष देतो, खताला देतो, पाण्याला देतो. हवेला कोण विचारतं?

हागेन-स्मिट यांनी विचारलं होतं. पालकाच्या पानावरच्या चांदीपासून निघून ते रस्त्यावरच्या गाडीपर्यंत पोहोचले. आपल्याकडे ती गाडी आणि ते शेत पुष्कळदा एकाच घरातलं असतं. तेव्हा पुढच्या वेळी पीयूसी काढताना कागदावरचे दोन आकडे वाचा आणि मागच्या कागदाशी ताडून बघा. वाढले असतील तर आधी मिस्त्रीकडे जा. आणि नळी एक फूट आत गेली की नाही, हे स्वतः उभं राहून बघा.